पाककृतीत कारणही छापा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

हंगामी फळांच्या पाककृती छापून आल्या की मी त्या कापून वहीत चिकटवतो आणि त्यावरूनच रांधतो. अशाच एका कात्रणाने (ते आपल्या पुरवणीतलं नव्हतं) मला चांगलाच धडा दिला, म्हणून हे पत्र.

माझी पत्नी ३३ वर्षांची नोकरी करून निवृत्त झाली. तिला अननस जिवापाड आवडतो. त्या रात्रीचं सगळं जेवण अननसाचंच करायचं आणि तिला स्वयंपाकघरात पाऊलही टाकू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. चिकन सकाळीच अननसाच्या रसात मुरत ठेवलं. दुपारी घट्ट दह्यात ताज्या फोडी घालून वाडगा फ्रीजमध्ये ठेवला. कात्रणात तसंच लिहिलं होतं.

रात्री चिकन बाहेरून पिठासारखं भुसभुशीत झालेलं. आणि दही तोंडात घेताच ती म्हणाली, "अहो, हे कडू लागतंय का तुम्हाला?" लागत होतं. तरी तिने वाटी संपवली, आणि मला तेच जास्त लागलं.

कारण नंतर कळलं. न शिजवलेल्या, ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर (एन्झाइम) असतं. ते प्रथिनं तोडतं. मांसाचा वरचा थर त्याने विरघळायला लागतो, तर दुधातल्या प्रथिनांचे तुकडे होऊन कडवटपणा येतो. जिलेटिन त्यात गोठतच नाही. नुसता अननस जास्त खाल्ला की जीभ चुणचुणते, त्यातही याचा हात असतो. पण फोडी उकळल्या की उष्णतेने हे विकर निकामी होतं. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून दही-क्रीममध्ये त्याचा त्रास होत नाही. हे एवढंच, दोन ओळींचं. कात्रणात त्याला जागा मिळाली नव्हती.

पुढच्या रविवारी मी तोच बेत पुन्हा केला. फळ वास घेऊन निवडलं. अननस तोडल्यावर आणखी गोड होत नाही, त्यामुळे बुडाशी सुगंध नसेल तर घरी ठेवून उपयोग नाही. साल काढल्यावर डोळे तिरक्या रांगांत दिसतात, एका बाजूने ८, दुसऱ्या बाजूने १३. त्या रांगांच्या रेषेतच सुरीने चर पाडले की गर वाया जात नाही. बुडाकडचा भाग जास्त गोड असतो, तो दह्यासाठी बाजूला काढला. शेंड्याकडच्या आंबटसर चकत्या फडक्याने नीट टिपून कोरड्या केल्या आणि तापलेल्या तव्यावर टाकल्या. ओल्या टाकल्या तर रसातच शिजतात, रंग धरत नाहीत. वर मीठ, मिरी, थोडं तिखट. रसात चिकन फक्त अर्धा तास ठेवलं. दह्यासाठीच्या फोडी पाच मिनिटं उकळून पूर्ण गार केल्या, मगच कालवल्या. आमच्याकडे मांसाहार न करणारा पाहुणा असता तर चिकनऐवजी भाजलेल्या चकत्या आणि भात एवढ्यावरही जेवण झालं असतं, इतक्या त्या छान झाल्या होत्या.

तिने दह्याची दुसरी वाटी मागून घेतली.

आपल्याला विनंती एवढीच, की फळाच्या पाककृतीत "आधी उकळून घ्या" असं लिहाल तेव्हा कशासाठी, तेही एका ओळीत छापा. कारण माहीत नसलं की वाचक घाईत तीच पायरी गाळतो. आणि काही वेळा छापणाराच गाळतो. पपई आणि किवीतही अशीच विकरं असतात. त्या फळांच्या पाककृती देताना तरी ही ओळ नक्की असू द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक