बोरीच्या काकांना, गाडी शिकवल्याबद्दल

ती. काकांना सा. न. वि. वि.

आपली घरं शेजारी. रोज सकाळी फुलं तोडताना कुंपणावरून बोलणं होतंच. तरी हे पत्र चार लोकांच्या वाचनात यावं म्हणून मुद्दाम लिहिते आहे, कारण मला मिळाला तसा शिकवणारा नव्या प्रत्येक चालकाला मिळायला हवा.

गेल्या वर्षी लायसन्स हातात आलं तेव्हा मला गाडी येत नव्हती. मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नियमाप्रमाणे निदान २१ दिवस आणि प्रत्यक्ष गाडीवर १० तास शिकवायला हवं. मला त्याच्या निम्मंही मिळालं नाही. जे मिळालं ते एकाच सपाट रस्त्यावर, शिकवणाऱ्याचा पाय सतत दुसऱ्या ब्रेकवर. लर्निंगचे ३० दिवस भरले, टेस्ट झाली, कार्ड आलं. वेर्ण्याला नोकरी लागली म्हणून बाबांनी जुनी गाडी माझ्या हवाली केली आणि पहिल्याच आठवड्यात बोरीच्या चढावर ती चार वेळा बंद पडली. मागे टिपर, त्याचा हॉर्न, आणि माझे थरथरणारे पाय. त्या संध्याकाळी तुम्ही आपणहून अंगणात आलात. "फाल्यां सकाळीं सवकास शिकूया गो बाय," म्हणजे उद्या सकाळी सावकाश शिकू, एवढंच म्हणालात.

कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसवर तुमची उभी हयात गेली. मला वाटलं, लगेच रस्त्यावर न्याल. पण पहिल्या दिवशी गाडी सुरूच केली नाहीत. मला सीटवर बसवलंत आणि स्वतः मागून उजव्या बाजूने चालत पुढे येऊ लागलात. "आरशात दिसतो तोवर हात वर ठेव, दिसेनासा झालो की खाली घे." आरशात तुमची खाकी टोपी दिसत होती, मग खांदा, मग काहीच नाही. मी हात खाली घेतला आणि मान वळवली, तर तुम्ही दरवाज्यापासून हातभर अंतरावर उभे! "इथंच स्कूटरवाला असतो," म्हणालात. तेव्हापासून मान वळवून पाहिल्याशिवाय मी कधी बाजूला गाडी घेतलेली नाही.

अंतराचं गणितही तुमचंच. पुढची गाडी विजेच्या खांबापाशी गेली की 'एक हजार एक, एक हजार दोन' मोजायचं. आपण त्याआधी खांबाशी पोचलो तर फार जवळ आहोत. पावसात तेच चारपर्यंत. ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, म्हणजे दोन सेकंद फोनकडे पाहिलं की तीस मीटरहून जास्त रस्ता डोळे मिटून कापला. पहिल्या पावसात साठलेलं तेल आणि लाल माती मिळून रस्ता गुळगुळीत होतो, हेही तुम्ही बूट घासून दाखवलंत.

सगळ्यात भीती वाटली ती रायबंदरच्या धक्क्यावर, चोडणच्या फेरीबोटीतून गाडी वर काढताना. ओला चढ, मागे पाणी. तुम्ही हँडब्रेक ओढायला लावलात, क्लच हळूहळू सोडायला सांगितलंत आणि म्हणालात, "गाडीचं नाक जरा उचललं की हँडब्रेक सोड. कान देऊन ऐक, इंजिनाचा आवाज बदलतो." तो आवाज मला तिथे पहिल्यांदा ऐकू आला. त्यानंतर बोरीच्या चढावर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

माझा धाकटा भाऊ सोळाचा. त्यालाही शिकवा म्हणून तो मागे लागला होता. तुम्ही साफ नकार दिलात. १८ पूर्ण व्हायच्या आधी मुलाने गाडी चालवली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते, हे तुम्ही बाबांना समोर बसवून सांगितलंत. भाऊ महिनाभर तुमच्याशी बोलला नाही. मला मात्र तेव्हा तुमच्याबद्दलचा आदर दुणावला.

आणि आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. गेल्या जुलैत कामावरून परतताना लोटलीच्या वळणावर अंधार होता, पाऊस कोसळत होता. माझ्यापुढच्या मोटरसायकलवाल्याला रस्त्यात बसलेली गाय अचानक दिसली. त्याने ब्रेक दाबला आणि तो घसरून माझ्या वाटेत पडला. मी चारपर्यंत मोजूनच चालवत होते, म्हणून थांबू शकले. गाडी त्याच्यापासून पाच-सहा हातांवर उभी राहिली. त्याने हेल्मेटचा पट्टा नीट बांधला होता, हात मात्र मोडला. मी पार्किंग लाइट लावले, १०८ ला फोन केला, आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. त्या रात्री तुम्हाला काही सांगितलं नाही, कारण बोलले असते तर रडले असते.

काका, तो मुलगा आज बरा आहे. परवा त्याची आई आमच्या घरी आली होती. जेवून गेली, आणि जाताना हात धरून विचारलं, "तुला गाडी कोणी शिकवली?" मी कुंपणापलीकडे तुमच्या पडवीकडे बोट दाखवलं. तुम्ही झोपाळ्यावर पेपर वाचत होता.

चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं, सामान आणायला फोंड्याच्या बाजारात जायचं आहे. काकूंना आणि तुम्हाला मी घेऊन जाईन. मागच्या सीटचे पट्टे दुरुस्त करून घेतले आहेत.

तुमची,
पलीकडच्या घरातली बाय