आगबोट आपल्या वर्धा नदीतही येणार होती

मा. संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीत मिसिसिपीतल्या चाकाच्या आगबोटींवर पानभर लेख आला, फोटो पण भारी होते. फुल्टनची बोट १८०७ मध्ये न्यूयॉर्कहून ऑल्बनीला ३२ तासांत पोचली, १८६५ मध्ये सुल्ताना नावाच्या बोटीचं बॉयलर फुटून हजारावर माणसं गेली, सगळं आलं. पण विदर्भाच्या पेपरात विदर्भाचं एक अक्षर नाही हे काही पटलं नाही बुवा, कारण आगबोट आपल्या दारापर्यंत आणायचा खटाटोप इंग्रजांनी कितीतरी वर्षं केला होता.

डोकं होतं आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरचं, ज्यानं राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधला आणि ज्याला तिकडचे शेतकरी अजून मानतात. त्याचं म्हणणं असं की समुद्रातून गोदावरी, गोदावरीतून सिरोंच्याला प्राणहिता आणि तिथून वर वर्धा नदी, म्हणजे बोट थेट कापसाच्या मुलखात. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर मिर्झापूरला नाहीतर मुंबईला जायचा, वाटेत धूळ खायचा, पावसात भिजायचा. त्यात १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना आणि सगळ्यांची नजर वऱ्हाड-हिंगणघाटवर आली. सिरोंचा तर १८६० च्या तहातच निजामाकडून घेऊन ठेवलं होतं, नदीचा काठ हाती पाहिजे म्हणून.

आता बोट ढकलायला चाकच काहून, पाण्याखाली फिरणारा पंखा काहून नाही? समुद्रावर पंख्यानं बाजी मारलेलीच होती, १८४५ मध्ये इंग्रजांनी रॅटलर आणि अलेक्टो ही दोन जहाजं शेपटीला शेपटी बांधून ओढाताण लावली तर पंख्याच्या रॅटलरनं चाकाच्या अलेक्टोला उलटं ओढत नेलं. पण पंखा अख्खा पाण्याखाली लागतो, चाकाच्या मात्र खालच्या फळ्या बुडाल्या की काम होते, बूड सपाट ठेवलं तर तीन-चार फूट पाण्यातही बोट चालते. उथळ नदीला चाकच बरं. आणि बॉयलरला लाकूड लागते, ते आलापल्ली-सिरोंच्याच्या जंगलात काही कमी नव्हतं.

अडलं खडकांत. गोदावरीत दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली, आणि प्राणहितेत आपल्या अहेरीजवळचं देवलमरी, अशा तीन ठिकाणी खडकांची लांबच लांब रांग होती. ती ओलांडायला बंधारे, कालवे, बोटी चढवा-उतरवायची दारं करायची होती. दुम्मागुडेमला बंधारा झालाही, पण खर्च वाढत गेला, तोवर १८६७ ला रेल्वे नागपूरला आली आणि १८७१ ला योजना गुंडाळली.

लोक म्हणतात रेल्वेनं बोट मारली. मला तेवढंच वाटत नाही. मी वर्धा नदीकाठचा माणूस, उन्हाळ्यात डोह सोडला तर आमच्या नदीत घोट्याएवढं पाणी राहत नाही, तिथं तीन फूट कुठून आणणार होते साहेब लोक? मिसिसिपीला बारमाही पाणी, आपल्या नदीचा सगळा जोर पावसाळ्यात, आणि त्या पुरात डोंगा घालायची हिंमत होत नाही.

हे सांगायचं कारण म्हणजे २०१६ च्या कायद्यात देशातले जे १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले त्यात १०९ नंबरला वैनगंगा-प्राणहिता आहे. कागदावर जलमार्ग आहे म्हणून उद्या कोणी सभेत बोटीचं स्वप्न दाखवलं तर आधी त्याला मे महिन्यात पाणी किती राहते ते विचारा.

तुमच्या बातमीदाराला एकदा देवलमरीला पाठवा, पण पाणी उतरल्यावर पाठवा, आणि तिथल्या म्हाताऱ्या ढिवर म्हणजे मासेमार लोकांशी बोलायला सांगा. मिसिसिपीएवढीच जागा त्याला द्या म्हणजे झालं.

आपला वाचक,
एक कापूस उत्पादक, हिंगणघाट तालुका