हेझ्बरोहून आल्यावर

नॉरिच, इंग्लंड, १२ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

चार महिने पत्र नाही, रागावला असशील. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच. काल व्याह्यांनी त्यांच्या गावी नेलं, आणि तेव्हापासून तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन नाही.

नॉरफोकच्या किनाऱ्यावरचं गाव. लिहितात हॅपिसबर्ग, म्हणतात हेझ्बरो. आपल्या मास्तरांनी छडीच मारली असती! १७९० चं लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह, उंच मनोऱ्याचं चर्च, आणि कडा नुसता वाळू-मातीचा. खालून समुद्र पोखरतो, वरचं शेत ढासळतं. बीच रोड तर चालता चालता हवेतच संपतो. २०१३ मध्ये तिथे आठ लाख वर्षांपूर्वीच्या माणसांची पावलं उघडी पडली होती. पंधरवड्यात लाटांनी पुसली.

व्याह्यांचे पूर्वज चर्चच्या आवारात आहेत. व्याही दगडावर पाणी शिंपडतात, मग झिजलेलं अक्षर हळूच उठून येतं, आणि ते वहीत टिपून घेतात. तिथेच १८०१ च्या मार्चमध्ये बुडालेल्या ‘इन्व्हिन्सिबल’ जहाजाचे ११९ खलाशी एकत्र पुरलेत. शेजारच्या एक्ल्सच्या चर्चचा मनोरा १८९५ च्या वादळात पडला. पुढे वाळू सरकली की तिथल्या कबरींतली हाडं दिसायची. हे सांगून ते एकदम म्हणाले, “तुमचं गाव धरणात गेलं, तेव्हा तुम्ही बरोबर काय घेतलंत?”

बाळ्या, मला बोलताच येईना. आपल्या माणसांची राख भीमेतच सोडलेली. उजनीचं पाणी चढलं तेव्हा ती आधीच पाण्यात होती. हे त्यांना कसं सांगू? त्यांना बायकोशेजारी तिथेच पुरून घ्यायचंय. लेक म्हणते, जुन्या नोंदवह्या नॉरिचच्या दफ्तरखान्यात सुरक्षित आहेत, नावं राहतीलच. बाबा, तुम्हीच त्यांना समजवा, आतल्या भागात जागा बघू या म्हणावं. मी कुठल्या तोंडाने समजावू? पळसनाथाचं शिखर पाण्याबाहेर आलं की अजून तू होडी काढतोस, आणि मी इथून फोन करून विचारतो, आपली गल्ली दिसली का.

रात्रभर तुझ्या आबांचा उंबरा आठवत राहिला. त्यांनी तो उपटून बैलगाडीत घातला तेव्हा आमचे तात्या हसले, आणि त्यावरून तू माझा सदरा फाडलास. फाडलास ते बरोबर केलंस. हे मला आज, इतक्या वर्षांनी, मनापासून म्हणायचंय.

सूनबाई सुखरूप सुटली ना? उसाला तोड मिळाली का?

तो उंबरा नव्या घराला बसवला होता, अजून आहे ना? फोटो पाठव. रविवारी व्याही जेवायला येणार आहेत, त्यांना दाखवीन.

तुझा,
सदा