फ्रिजचा वास: वास्कोला राहणाऱ्या लेकीस

डिचोली

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद.

फ्रिज उघडला की घरभर वास सुटतो आणि लिंबू कापून ठेवूनही काही होत नाही, असं तू फोनवर म्हणालीस. लिंबाने होणारही नाही. घाण कुठे तरी बसलेली असणार, ती निघाल्याशिवाय वास जायचा नाही. आधीच्या भाडेकरूंचा फ्रिज आहे, तेव्हा एक दिवस त्यासाठी काढच.

आधी प्लग काढ आणि सगळं बाहेर घे. परवा तुमच्याकडे रात्रभर लाइट नव्हती ना? चार तासांहून जास्त लाइट गेली असेल तर फ्रीजरखालच्या भागातली मासळी, दूध, माशांचं हुमण, शिजलेला भात टाकून दे. वास येत नसला तरी टाक. माणसाला आजारी पाडणाऱ्या जंतूंचा वास येतोच असं नाही, आणि तू तिथे एकटी आहेस. मला पैशांपेक्षा तुझी काळजी जास्त आहे.

काचेचे कप्पे थंडगार असताना गरम पाण्यात घालू नकोस, तडकतात. थोडा वेळ बाहेर राहू देत. मग लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून सगळं पूस. दाराच्या रबराच्या घड्या बोटाने उघडून बघ. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिथे काळी बुरशी धरते. जुन्या टूथब्रशने घास आणि कोरडं कर.

आता खरी जागा. आतल्या मागच्या भिंतीखाली एक बारीक भोक असतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी त्यातून फ्रिजच्या पाठीमागे, काँप्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरतं आणि तिथल्या उष्णतेने सुकतं. मासळीचं पाणी, सांडलेलं दूध त्याच वाटेने जाऊन कुजतं. भोकात सोड्याचं कोमट पाणी हळूहळू ओत, अडलं तर मऊ नळीने मोकळं कर. फ्रिज भिंतीपासून ओढून तो ट्रेही धू. निघत नसेल तर फडक्याने पूस. आतून कितीही लखलखीत केलास आणि ट्रे तसाच ठेवलास तर आठवड्यात वास परत येईल.

मासळीचा वास सोड्याने नीट जात नाही. समुद्रातल्या मासळीत जिवाणूंमुळे ट्रायमिथाइलअमीन तयार होतं, त्याचाच तो उग्र वास. ते अल्कधर्मी असतं, म्हणून त्याला आंबट लागतं. सुंगटांना (कोळंबीला) आपण लिंबू चोळतो त्याचाही फायदा हाच. तेव्हा मासळी सांडली असेल तिथे आधी व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पूस, ते धुऊन काढ, मग सोडा. दोन्ही एकत्र केलेस तर एकमेकांचा जोर मारतात. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर चुकूनही मिसळू नकोस बाय, विषारी क्लोरीन वायू सुटतो. डांबरगोळ्याही आत ठेवायच्या नाहीत, त्यांची वाफ अन्नात उतरते.

सगळं सुकलं की पसरट बशीत सोडा किंवा अॅक्टिव्हेटेड चारकोल उघडा ठेव. राहिलेला वास तो ओढून घेईल.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यामुळे सध्या तुझ्याकडे गालमोसारखी सुकी मासळी आणि खारे बांगडे असणारच. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नकोस. घट्ट झाकणाची काचेची बरणी घे. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये वरची थंड हवाच खाली फिरते, म्हणून फ्रीजरमधल्या उघड्या मासळीचा वास खालच्या लोण्याला लागतो. ताजी मासळी मिळू लागली की पोट, कल्ले बाजारातच काढून घे. घरी धुऊन, निथळून झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत संपव. फणसाचे गरेही झाकूनच.

आतलं तापमान ४ अंशांच्या वर जाता कामा नये. बटणावरचे आकडे अंशांचे नसतात, ते फक्त कमी-जास्त थंडी दाखवतात. पेलाभर पाण्यात फ्रिजचा थर्मामीटर रात्रभर आत ठेवून सकाळी बघ.

गणेश चवथीला येशील तेव्हा फ्रिज रिकामा करून, प्लग काढून, कोरडा पूस आणि दारात दुमडलेलं फडकं अडकवून ते किंचित उघडं ठेव. बंद फ्रिज दार लावून ठेवला की आत बुरशी येते.

एवढं करूनही वास राहिला, किंवा दारात धरलेला कागद सहज ओढून निघाला, तर रबर गेलंय असं समज आणि घरमालकांना ते बदलून द्यायला सांग. संकोच करू नकोस, भाडं देतेस तू.

तुझी,
आई