‘पान’ सांगितले, ‘कान’ लिहिले

संपादक महोदय,

एका खोलीत दोन वर्ग भरणाऱ्या शाळा मराठवाड्यात गावोगाव आहेत. इकडे पहिलीचे श्रुतलेखन, तिकडे तिसरीचे पाढे. गुरुजी ‘पान’ सांगतात, पोर ‘कान’ लिहिते आणि ‘लक्ष नाही’ असा शेरा खाते.

गलक्यात मोठ्या माणसाला कळते ते बरेचसे अंदाजाने. ‘दळण घेऊन गिर...’ एवढेच कानी पडले तरी ‘गिरणीत’ आपण मनातच भरतो. सहा वर्षांच्या पोराकडे तेवढा शब्दसाठा नसतो. घरी गोरमाटी (बंजारा बोली) किंवा दखनी (उर्दूची बोली) बोलणाऱ्याकडे मराठीचा तर आणखी कमी. पंख्याच्या एकसुरी घरघरीत नऊ-दहा वर्षांचे मूल जवळपास मोठ्यांइतके ऐकते. शेजारी दुसरे कुणी बोलत असेल तर मात्र तेवढी तयारी व्हायला तेरा-चौदावे वर्ष उजाडते. म्हणून पंख्यापेक्षा पाढे वाईट.

ओरडून उपयोग नाही. ओरडल्याने स्वर मोठे होतात. क, त, प यांना वेगळे करणारा बारीक फटकारा तसाच राहतो, आणि गोंगाटात आधी तोच बुडतो. लहान मुलाला शिक्षकाचा आवाज गोंगाटाहून साधारण 15 डेसिबल (आवाज मोजण्याचे एकक) वरचढ लागतो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे एका मीटरवरून चार मीटरवर गेले की 12 गेले. खोलीत उतार थोडा कमी, पण तिथे घुमणारा आवाज पुढच्या अक्षरावर चढतो.

म्हणून एका वर्गाचे पाढे चालू असतील तेव्हा दुसऱ्याचे मुकाट लेखन, असे वेळापत्रक लावावे. श्रुतलेखन मुलांपासून दोन मीटरच्या आत उभे राहून द्यावे. मागच्या भिंतीला जुन्या वाकळा तीन-चार बोटे अंतर सोडून टांगाव्यात. भिंतीला चिकटवल्या तर काम कमी होते. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना श्रुतलेखन घेऊच नये.

शंका असेल तर शांत खोलीत, मुलांच्या नजरा वहीत ठेवून, पान-कान, ताक-टाक, काल-काळ, खण-कण असे शब्द उलटसुलट सांगावेत. गलक्यात चुकणारे मूल इथे बरोबर लिहीत असेल तर दोष बहुधा खोलीचा. इथेही चुकले तर कान तपासून घ्यावेत. कधी सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले असते, कधी नुसता मळ असतो.

– एक श्रवणतज्ज्ञ, परभणी