प्रतिकारशक्ती ‘वाढवा’ म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या काढ्यांची कृती वाचली आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे.

माझ्या मुलीला बाराव्या वर्षी मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर उलटण्याचा स्वयंप्रतिकार आजार. आधी उजवा डोळा. फिरवला की दुखायचा, लाल रंग विटल्यासारखा दिसायचा. दोनदा चष्म्याचा नंबर बदलून मिळाला. तिसऱ्या महिन्यात पाय जड पडले, तेव्हा कुठे एमआरआय झाला. पाठीतलं पाणी तपासलं, मॉग अँटिबॉडीची, म्हणजे चेतातंतूंच्या आवरणातल्या एका प्रथिनावर उलटणाऱ्या अँटिबॉडीची, रक्ततपासणीही झाली. मुलांमध्ये त्या अँटिबॉडीचा आजार सुरुवातीला असाच दिसतो, उपचार मात्र वेगळे.

तेव्हापासून येणारा-जाणारा म्हणतो, “पोरीची प्रतिकारशक्ती कमी पडली.” कमी नाही हो! जंतूंवर चालून जाणाऱ्या टी आणि बी पेशीच तिच्या मेंदूत शिरून चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडतात. मुलांमध्ये ही सूज मोठ्यांपेक्षा जोरकस असते, आजाराचे अटॅक जास्त वेळा येतात. पण मुलं प्रत्येक अटॅकमधून लवकर सावरतातही, आणि तिथेच आम्ही फसलो. पोर पळायला लागली, वाटलं बरी झाली.

आता ती फिंगोलिमोड घेते. अमेरिकेत 2018 मध्ये दहा वर्षं आणि त्यावरच्या मुलांसाठी त्याला मान्यता मिळाली. 215 मुलांच्या चाचणीत इंटरफेरॉन या जुन्या औषधाच्या तुलनेत अटॅक 82 टक्क्यांनी कमी झाले होते. हे औषध लढाऊ पेशींना लसिकाग्रंथींतच अडवून धरतं. म्हणून सुरू करण्याआधी कांजिण्यांच्या अँटिबॉडी आहेत ना, हे बघितलं. पहिल्या गोळीनंतर सहा तास तिला दवाखान्यात बसवून नाडी मोजत होते. इतक्या जपून जी शक्ती आम्ही आवरतो, तिलाच चेतवायला शेजारच्या काकू मायेने गुळवेलीचा काढा आणतात. त्यांना नाही म्हणताना जीव तुटतो. पण 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले होते, हे मी विसरू शकत नाही.

अशा कृतीखाली एक ओळ तरी छापा : स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि एखाद्या बालमेंदूतज्ज्ञाकडून मुलांच्या या आजारावर लिहून घ्या. डोळा दुखून रंग फिके दिसायला लागले की नुसता चष्मा बदलून थांबू नका, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर आमचे ते तीन महिने वाचले असते.

– एक आई, कराड