हलक्या चेनसॉमध्ये बदल करायचाच तर आधी साखळीत करा

संपादक महोदय,

झाडावर चढून छाटणी करणाऱ्यांमध्ये वरच्या मुठीचा हलका चेनसॉ हाती आला की पहिल्याच आठवड्यात त्याचा सायलेन्सर, म्हणजे धूर बाहेर सोडणारा डबा, भोके पाडून मोकळा करायची पद्धत पडली आहे. त्याने ताकद वाढते हे खरे. पण 25 सीसीच्या आसपासच्या यंत्राला खरा फरक पडतो तो साखळी आणि ती जिच्यावरून फिरते त्या पट्टीने, आणि तिकडे क्वचितच कुणी बघते.

या वर्गातल्या यंत्रांसाठी आयएसओ 11681-2 हे वेगळे मानक आहे. पट्टी, साखळी आणि इंधन सोडून वजन 4.3 किलोपर्यंत, आणि वापर फक्त झाडावरच्या कामाचे शिक्षण घेतलेल्यांसाठी. स्टीलचा एमएस 151 टी 2.6 किलोचा आहे, एकोचा सीएस-2511टी त्याहूनही हलका. इतक्या छोट्या इंजिनावर 14 इंची पट्टी चढवली की फांदीत टोक शिरल्याबरोबर इंजिनाचे फेरे कमी होतात. 10 इंची पट्टीवर तेच इंजिन न दमता चालते. शिवाय पुढचे वजन कमी झाले की मनगटावरचा ताण दिवसअखेर जाणवण्याइतका उतरतो.

आता साखळी. अनेक हलक्या यंत्रांवर 3/8 इंच लो-प्रोफाइल साखळी येते. तिच्याऐवजी 1/4 इंच पिचची, 1.1 मिमी जाडीची साखळी बसवता येते. हिशेब सरळ आहे. पिच म्हणजे सलग तीन रिव्हेटमधल्या अंतराचा निम्मा भाग. म्हणून स्प्रॉकेटच्या, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, एका फेऱ्यात साखळी दातांच्या संख्येच्या दुप्पट पिचइतकी सरकते. 3/8 लो-प्रोफाइलचा पिच 9.32 मिमी, स्प्रॉकेट 6 दातांचे, म्हणजे एका फेऱ्यात सुमारे 112 मिमी. 1/4 चा पिच 6.35 मिमी, स्प्रॉकेट 8 दातांचे, म्हणजे सुमारे 102 मिमी. मिनिटाला 10,000 फेऱ्यांना साखळीचा वेग सेकंदाला 18.6 मीटरवरून 16.9 मीटरवर येतो, पण तेवढ्याच प्रमाणात ओढ वाढते. त्यात काप अरुंद पडतो, म्हणजे काढायचा भुसाही कमी. काप गुळगुळीत येतो, आणि फांदीच्या कॉलरजवळ, म्हणजे बुंध्याला जोडणाऱ्या फुगीर भागाजवळ, शेवटचा काप घेताना त्याची खरी किंमत कळते.

घोटाळा होतो तो अर्धवट बदलात. स्प्रॉकेट, पट्टीच्या टोकाचे चाक आणि साखळी या तिन्हींचा पिच एकच हवा. साखळी आणि पट्टीच्या खाचेची जाडी जुळायला हवी. 1.1 ची साखळी 1.3 च्या खाचेत बसते, पण डुलते, काप तिरका जातो आणि साखळी उतरते. बारीक साखळी ताणतेही लवकर, म्हणून नव्या साखळीचा ताण पहिल्या टाकीत दोनतीनदा, यंत्र थंड करून, तपासावा. कानसही बदलते. 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिमीची गोल कानस लागते, स्टीलच्या 1/4 पी साखळीला 3.2 मिमीची. जुनीच कानस चालवली की दाताचा कोपरा बोथट राहतो आणि दोष इंजिनावर येतो. दातापुढचा उंचवटा 3/8 लो-प्रोफाइलला दाताच्या धारेपेक्षा 0.65 मिमी खाली ठेवतात. जोरात कापावे म्हणून तो जास्त घासला तर हलके इंजिन अडकते आणि टोकाचा झटका वाढतो.

एवढे करूनही समाधान नसेल तर सायलेन्सर. तो यंत्रावरून काढूनच भोक पाडावे. जागेवर ड्रिल चालवले की लोखंडाचा चुरा एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये जातो. बाहेर जाणाऱ्या वाटेचे एकूण क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या 70 ते 80 टक्क्यांपुढे नेऊ नये. त्यापुढे आवाजच वाढतो. ठिणग्या अडवणारी जाळी परत बसवावी. नवे तोंड मागच्या हाताकडे, टाकीच्या प्लास्टिककडे किंवा दोराकडे नको. हलके मजबूत म्हणून वापरले जाणारे हाय-मॉड्युलस पॉलिथिलीनचे दोर 145 ते 150 अंशांच्या आसपास वितळतात, आणि सायलेन्सर त्याहून कितीतरी जास्त तापतो. आत कॅटॅलिस्ट, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, असेल तर हात लावू नये.

बरेच जण इथेच थांबतात आणि पिस्टन गमावतात. वाट मोकळी झाली की इंजिन जास्त हवा ओढते. कार्बोरेटर जुन्याच जागी राहिला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि पेट्रोलबरोबर येणारे ऑइलही. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिली ऑइल अचूक मोजून घातले तरी यातून सुटका नाही. यंत्र गरम करून एच स्क्रू, म्हणजे कार्बोरेटरवरचा जास्त फेऱ्यांवरचे पेट्रोल ठरवणारा स्क्रू, डावीकडे, एका वेळी आठवा हिस्सा फेरा, असा सोडावा. स्क्रू मर्यादेबाहेर फिरू न देणाऱ्या टोपीचा अडथळा येत असेल तर ती टोपी काढल्याशिवाय सायलेन्सरला हात घालायलाच नको होता. पूर्ण रेस देऊन, लाकडाबाहेर, आवाज किंचित फडफडता यायला हवा आणि लाकडात गेल्यावर साफ व्हायला हवा. बाहेरच एकसारखी किंचाळी असेल तर मिश्रण अजून कोरडे आहे. फेरे मोजणारा टॅकोमीटर असेल तर उत्पादकाने दिलेला कमाल आकडा ओलांडू नये. संगणकावर चालणाऱ्या कार्बोरेटरला हे स्क्रूच नसतात.

जमिनीवर सरळ धरून केलेली ट्यूनिंग झाडावर पुरत नाही, कारण तिथे यंत्र उलटे, आडवे, कसेही धरले जाते. म्हणून स्लोवर ठेवून पट्टी खाली, वर आणि दोन्ही कुशींवर करून बघावे. फेरे आपोआप चढत असतील तर कुठून तरी हवा शिरते आहे, नाहीतर इंधनाची नळी चिरली आहे. कुठल्याही स्थितीत स्लोवर साखळी हलता कामा नये.

मागच्या कडीऐवजी मुठीला पट्टा बांधणे, वजन वाचवायला पुढचा हातरक्षक कापणे, हे बदल नव्हेत, तोडफोड आहे. हातरक्षक हाच ब्रेकचा खटका असतो. पट्ट्यात ठरावीक ओढीला तुटणारा दुवा हवा. पडती फांदी यंत्राला घेऊन निघाली तर माणूस तिच्याबरोबर ओढला जाऊ नये, एवढ्यासाठी. मूठ वर आहे म्हणून एका हाताने चालवता येते, असा समजही याच यंत्राने पसरवला. टोकाचा वरचा चतुर्थांश लाकडाला लागला की पट्टी उलटून येते, आणि ती अडवणारा डावा हात तेव्हा फांदी धरून बसलेला असतो. आधी कामाचा दोर आणि दुसरा आधार बांधावा, मगच यंत्र चालू करावे. मनगटाएवढ्या फांदीला हातकरवतच लवकर उरकते.

बदललेले यंत्र टोळीत हातोहात फिरते, म्हणून आमची एक सूचना. टाकीवर न पुसणाऱ्या शाईने पिच, जाडी, ड्राइव्ह लिंकची (पट्टीच्या खाचेत चालणाऱ्या कड्यांची) संख्या, कानसेचा व्यास आणि एच स्क्रू किती सोडला आहे ते लिहावे. असे बदल करून देणाऱ्यांनीही ही नोंद यंत्राबरोबर द्यावी, नाहीतर पुढचा माणूस डब्यावर छापलेली साखळी आणून चढवतो.

आपले,
झाडावर चढून छाटणी करणारे काही जण